चुलत्यांचे कोरडे बूट

समस्त थोरामोठ्यांनी, लेकुरवाळ्यांनी आणि विहिरीतल्या बेडकांनी उभं राहून ऐकावं: आमच्या घराण्यात पहिला गमबूट आला तो निजामी गेल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात, आणि तो निवडला मी!

पिंगळीच्या बाजूला आमचा पानमळा होता. नागवेलीला सतत पाणी लागतं, म्हणून वाफ्यांत बारा महिने चिखल. माझे धाकटे चुलते जन्मभर त्यात उभे. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, त्यातली एक जखम भरेना, करंगळी काळी पडली. परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं, "पायाला पाणी लागू देऊ नका. रबरी बूट घ्या, नाहीतर पाय जाईल."

मी तेव्हा नवाकोरा मास्तर. ही मोहीम मीच अंगावर घेतली. चांभार प्रामाणिकपणे म्हणाला, "मास्तर, कातडं पाणी पितंय, माझ्या नादी लागू नका." टायरच्या चपलेत चिखल बाजूनं शिरतो. राहिला गमबूट. चुलत्यांचं पाऊल सुतळीनं मोजून मी परभणीला गेलो आणि जखमेवरच्या पट्टीला जागा हवी म्हणून एक नंबर मोठा काढायला लावला. मग तांब्याभर पाणी मागवून बुटात ओतलं आणि तो डोक्यावर उंच धरला. निम्मा बाजार गोळा झाला.

"अरे मास्तर, बूट है, घागर नहीं!" दुकानदार कळवळला.

थेंबही गळला नाही. मी गारुड्यासारखा चहूकडे सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी चुलते बूट चढवून फटक्‌ फटक्‌ करत निघाले, तर चुलती दारातून ओरडली, "बाजूला व्हा गं, फौजदार मळ्याला जायलेत!"

शाळा सुटली की मी मळ्यात जायचो. मळ्याभोवतीच्या कुडाच्या दाराशी ते बूट टाचेला टाच लावून ठेवलेले असत, आरशासारखे स्वच्छ. मी खूश व्हायचो, माझ्या चपला त्यांच्या शेजारी काढायचो आणि आत जायचो. नागवेल म्हणजे देवी. पायताण घालून पानमळ्यात आमच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं. जाता येतं, हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पोळ्याच्या सुमारास त्यांना ताप भरला. पाय घोट्यापर्यंत काळानिळा, वास असा की बैलगाडीत चुलतीनं पदर नाकावरून काढला नाही. चुलत्यांनी बूट मात्र छातीशी धरले होते.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि ते भडकले. "पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. बूट घ्या म्हणून सांगितलं होतं ना? घेतला नाही?"

मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. तेवढ्यानं मला सगळं कळलं.

चुलते तापात थरथरत उठून बसले, एक बूट उचलून त्यांनी डॉक्टरांच्या नाकासमोर धरला आणि अभिमानानं म्हणाले, "घेतला की सायेब! बघा, आतून-बाहेरून कोरडा हाय. एक थेंब लागू दिला न्हाई त्याला!"