जवळ्याच्या वासाचा खेळ

मी बनवलेल्या पहिल्या शैक्षणिक खेळात जिंकायची सोयच नव्हती. हे मला खेळ तयार झाल्यावर कळलं.

मी सुकापूरला पाचवीला गणित शिकवते. फळ्यावर अपूर्णांक लिहिला, की माझा बडबडा वर्ग असा गप्प व्हायचा, की शेजारच्या वर्गातल्या बाई काळजीने डोकावून जायच्या! म्हणून सुट्टीत खेळ बनवण्याच्या प्रशिक्षणाला गेले आणि जुन्या चादरीवर रंगीत चौकोन काढून 'अपूर्णांक नगरी' उभी केली. मंगळवारी शिक्षण खात्याचे साहेब ती बघायला वर्गात येणार होते. "आधी घरी खेळून बघा," असं प्रशिक्षणातल्या सरांनी बजावलं होतं.

रविवारी नवऱ्याला आणि सासूबाईंना चादरीभोवती बसवून मी नियम वाचायला घेतले. तिसऱ्या पानावर नवरा घोरायला लागला. (तो 'सुरुवात' या चौकोनातच आडवा झाला होता.)

"यात मी जिकनार कदी गो?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, यात कोणी जिंकत नाही. सगळे शिकतात!"

"मंग मी चालली."

रागाच्या भरात मी चादर गच्चीत भिरकावली आणि बहिणीला फोन करून भरपूर रडगाणं गायले. परत वर जाते तर माझ्या नगरीवर ओला जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातलेला! सासूबाईंच्या माहेराहून, मोऱ्याहून, टोपलीभर आला होता.

"आई, ही माझी चादर!"

"तुजा खेल कुनी खेलत नाय, मंग चादर मोकलीच हाय ना!"

सोमवारी शाळेतून आले, तर सासूबाई आणि शेजारच्या जनाकाकू त्याच चादरीवर सुकलेल्या जवळ्याचे वाटे पाडत होत्या. त्यांची रीत ठरलेली: जी वाटे पाडेल, तिने शेवटी उचलायचं.

"ह्यो अर्दा नाय, पाव हाय पाव!" काकू ओरडल्या.

"तुजे डोले तपासून घे!"

घोरणारा नवराही पंच म्हणून धावला. दोघी बायका अपूर्णांकांवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या, आणि मी वर्गाला त्याच अपूर्णांकांनी झोपवत होते! मी जिन्यातच पिशवीतली नियमांची पानं काढून टराटरा फाडली.

मग चादर धुतली. पुन्हा धुतली. वास काही जाईना.

मंगळवारी ती वर्गात पसरताच खिडकीत मांजर हजर! साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "बाई, या वासाचं प्रयोजन?"

"परिसराशी जोड, सर!" मी ठोकून दिलं. (साहेबांनी ते कौतुकाने लिहून घेतलं.)

चिंचोक्यांचे ढीग ओतले आणि एकच नियम सांगितला: पाडणारा शेवटी उचलणार. बघता बघता वर्ग पेटला.

"बाई, ही पाव सांगून तिसरा हिस्सा नेते!"

"दोन अष्टमांश म्हणजे पावच नाय का रे!"

वर्षभर तोंड न उघडलेली सानिका तर खेळात उतरलेल्या साहेबांवरच धावून गेली. "सर, तुम्ही वाटे पाडलेत ना? मग थांबा!"

सगळ्यात छोटा वाटा पदरी पडून साहेब हरले. "अजून एक डाव!" म्हणत त्यांनी मांडीच ठोकली. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले आणि ते पुसायला मी हाताशी आलेलं चादरीचं टोक घेतलं. दिवसभर डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आता तालुक्यातले शिक्षक हा खेळ शिकायला येतात. (काही जण वास कसा आणायचा तेही विचारतात.) त्यांच्यासमोर मी ऐटीत समान वाटे पाडते आणि सानिका हसत हसत त्यातला मोठा उचलून नेते. वर्गाची अपूर्णांकांची भीती पार गेली. आता ती फक्त मला वाटते!