मिठाचा प्रयोग

ऐंशी सालाच्या सुमारास वर्ध्यात आमच्या शेजारी विज्ञानाचे एक मास्तर राहत. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजेना, म्हणून त्यांनी पिंपात कसलेसे दाणे भरून पाणी मऊ करायचं यंत्र स्वतःच जोडलं होतं. दर रविवारी ते दाणे मिठाच्या पाण्यानं धूत आणि आमच्या दारावरच्या लिंबू-मिरचीला हसत. "प्रयोग केल्याबिगर मी काईच मानत नाई!"

एका रविवारी अर्ध्यातच मीठ संपलं. मास्तर धावत आले. मी मिठाची वाटी पुढे केली, तर त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"खाली ठेवा भाऊ. हातात मीठ घेतलं तं भांडण होते."

"प्रयोग करून पाहू नं, मास्तर," म्हणत मी वाटी त्यांच्या हातात कोंबली.

प्रयोग यशस्वी झाला. मास्तर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.