डावी बाही

"शेवटचं बोलणं काय झालं तुमचं?" भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो. त्यांना वाटतं, काहीतरी मनात जपून ठेवावं असं असेल. आमचं शेवटचं बोलणं बटणावरून झालं. त्या रविवारी सकाळी आमचे हे त्यांच्या गावी, धावड्याला निघाले होते आणि त्यांच्या डाव्या बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. मी घरी शिवणाचा क्लास घेते. नवीन जालन्यात आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाऊज माझ्या हातचे, आणि माझाच नवरा असा गावाला जाणार? "थांबा, एक मिनिट लागतं," मी म्हटलं. "आल्यावर लाव. गाडी जाईन माझी," म्हणत त्यांनी बाही दुमडून कोपरापर्यंत सारली, बटण आत दडवलं आणि निघाले. थोड्या वेळानं बसस्टँडवरून कुणाचा तरी फोन आला. ते बाकावर बसल्याबसल्याच कलंडले होते... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाही दुमडणं ही त्यांची जन्माची सवय. लहानपणी चिंचेवरून पडले, हात मोडला, आणि गावातल्या कुण्या जाणत्यानं तो असा बसवला की डावा कोपर पुन्हा कधी सरळ झालाच नाही. त्यामुळे कोणत्याही शर्टाची डावी बाही त्यांच्या बोटांवर यायची. एकच बाही दुमडली तर लोक बघतात, म्हणून ते दोन्ही दुमडायचे. कडाक्याच्या थंडीत दुमडलेल्या, विहारात दुमडलेल्या, आमच्या लग्नाच्या फोटोत मी पांढऱ्या साडीत आणि हे शेजारी बाह्या दुमडून, जसं काही स्टेजवरच्या खुर्च्या उचलायला आले आहेत. बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात नोकरी. तिथल्या लोकांना वाटायचं, उत्तमरावांची स्टाइलच तशी. मी कितीदा म्हटलं, बाही कापून देते, काम ते काय! तर म्हणे, "राहू दे. चाललंय बराबर." हा त्यांचा ठरलेला शब्द. पालथ्या घड्यावर पाणी.

मग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी ठरवलं की विचारायचंच नाही, करायचं. ब्लाऊज शिवणारीनं शर्टाच्या भानगडीत पडू नये असं म्हणतात आणि ते खरं आहे. कॉलरनं माझ्या नाकी नऊ आणले. तीनदा लावली, तीनदा उसवली. काजं हातानं केली, कारण मशीनची काजं मला पसंत नाहीत. पण खरी पंचाईत होती मापाची. उजव्या हाताचं माप जुन्या शर्टावरून मिळालं. डाव्याचं कुठून आणणार? रविवारी दुपारी जेवून आडवे झाले की मी टेप घेऊन जवळ बसायची. एकदा जागे झाले. "काय करून राह्यली?" "मुंगी होती हातावर," मी म्हटलं. "टेपनं मोजून राह्यली का मुंगी?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली आणि डावा हात नेमका अंगाखाली घेतला. हा माणूस झोपेतसुद्धा सहकार्य करायचा नाही!

शर्ट झाला. आकाशी रंगाचा, बारीक रेघेचा, डावी बाही आखूड आणि कोपराशी जरा सैल. वाढदिवसाला सकाळी हातात दिला. त्यांनी घातला, दोन्ही बाह्यांची बटणं लावली आणि कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले. बाही अगदी मनगटावर बसली होती. पण डाव्या खांद्याला कापड किंचित ओढत होतं आणि मला ते सहन होईना. मी ओढून बघितलं, पुन्हा बघितलं. म्हटलं, "काढा. खांदा उसवून परत लावून देते." ते मागे सरकले. "न्हाई, बिलकुल नको. बराबर आहे. जपून ठेवतो." शर्ट काढला, घडी केली, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातला आणि पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

ती पिशवी तिथून हलली नाही. जयंतीला म्हटलं, आज तरी घाला. "गर्दीत फाटल मंग?" पुतणीच्या लग्नाला म्हटलं. "तिथं जेवणाचे डाग पडतेत." मुलीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा म्हटलं, तर मान हलवून पुन्हा जुनाच, दुमडलेला. शेवटी मी समजून चुकले. पंचवीस वर्षं जे झाकलं त्यावर मी टेप लावला होता, ते त्यांना लागलं असणार. तसं तोंडानं सांगतील तर शपथ! मी विषय सोडला. पण कपाट उघडलं की ती पिशवी दिसायची आणि दर वेळी मला वाईट वाटायचं. राग यायचा, आणि वाईटही वाटायचं.

ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. मला एवढंच सुचलं की आता तरी तो शर्ट त्यांच्या अंगावर घालायचा. आता कुठं नाही म्हणणार आहेत? पिशवी काढली. आत टॉवेल. जुना, विटका टॉवेल, नीट शर्टासारखी घडी केलेला! तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला देऊन टाकला? कधी? रडायचं सोडून मी टॉवेलकडे बघत बसले, आणि बायकांना वाटलं, धक्का बसलाय बिचारीला. त्यांना पांढरा सदरा घातला होता. त्याची डावी बाही बोटांवर आली होती. मी ती दुमडली. मग उजवीही दुमडली.

काही दिवसांनी धावड्याला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तिथं माझे दीर बबन राहतात, दोघा भावांची शेती एकत्रच. महिन्यातून दोन रविवार हे तिकडे जायचे ते त्यासाठीच. घरात पाऊल टाकलं आणि समोर खुंटीवर माझा शर्ट.

"हा इथं कसा?" माझा आवाज चढलाच.

"दादाचाच हाय की तो," बबन भाऊजी म्हणाले. "इथं आले की पह्यलं काम, शर्ट बदलायचा. मंग पारावर जाऊन बसायचे. कुनी बी भेटलं की दोन्ही हात म्होरं करायचे अन् म्हनायचे, 'पाह्य रे, हायेत का न्हाई दोन्ही बराबर? आमच्या घरच्यांनी शिवलाय.' आख्ख्या गावाला पाठ झाल्तं, वहिनी."

आख्ख्या गावाला! कॉलर विरली होती, कोपरावरचं कापड पातळ झालं होतं. जो पिशवीतच पडून आहे म्हणून मी झुरत होते तो शर्ट इथं वापरून वापरून जुना झाला होता. दोन्ही बाह्या सोडून, बटणं लावून बसलेला माझा नवरा गावातल्या शेंबड्या पोरांनीसुद्धा पाहिला होता, मी सोडून.

"मग माझ्यासमोर घालायला काय झालं होतं?"

भाऊजींनी आधी जाऊबाईंकडे पाहिलं. "तुमाला राग यील. दादा म्हनायचे, तिच्या हाती लागला की उसवलाच म्हनून समज. ती न्हाई सोडायची. अन् मला हाच पाह्यजे, असाच."

राग आला. अजूनही येतो. तोंडानं एवढं सांगितलं असतं, 'उसवू नको, मला आवडलाय', तर काय बिघडलं असतं? शर्ट लपवायचा, टॉवेलची घडी घालायची, ही कसली रीत? आणि मी चांगल्यासाठीच म्हणत होते; खांदा ओढत होता म्हणजे होताच. आता ते आले तर आधी भांडणार आहे मी... नुसते येऊ देत.

शर्ट मी घरी आणला. मशीनच्या वर खुंटीला लावलाय. डाव्या खांद्याची ती शिवण रोज डोळ्यांत खुपते. ब्लेड हाताशी असतं आणि हात शिवशिवतात. त्या शिवणीला मी अजून हात लावलेला नाही. परवा क्लासला एक नवीन मुलगी आली. जरा वेळ वर बघत राहिली आणि चाचरत म्हणाली, "मॅडम, ही एक बाही आखूड झालीय."

"बराबर आहे," मी म्हटलं.