दाजींनी पास केलेली गाडी

देहूरोडपासून चाकणच्या चौकापर्यंत जेवढे म्हणून भित्रे लोक राहत असतील, त्या सगळ्यांची भीती एकत्र केली तरी माझे थोरले साडू तिला पुरून उरतील. नात्यानं ते माझ्या बायकोचे दाजी, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण आमच्या घरात मी, माझी मुलगी आणि दूधवाला असे सगळेच त्यांना दाजी म्हणतो. चाकणच्या एका मोटार कंपनीत त्यांची हयात गेली. लाइनवरून उतरलेल्या गाडीची शेवटची तपासणी करायची आणि तिच्यात काय खोट आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं रोज आठ तास ज्यानं फक्त खोटच शोधली, त्याला निवृत्तीनंतर जग धडधाकट दिसावं अशी अपेक्षा आपण तरी कशी करायची? ते आमच्याकडे जेवायला आले की पंख्याखालची खुर्ची सोडून बसतात. आकुर्डीच्या आमच्या इमारतीतल्या लिफ्टचा आवाज आधी खालून ऐकतात आणि मग चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून येतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात वरातीच्या गाडीमागे ते उकिडवे बसले आणि उठले ते मान हलवतच. त्यांनी एवढा घोर लावला की नवरानवरीला शेवटी रिक्षात बसवलं. मग दाजींनी रिक्षाची तिन्ही चाकं बघितली आणि डोळे मिटून घेतले.

टायर हा त्यांचा खास विषय. तो ते डोळ्यांनी बघत नसत, हातानं वाचत. "डोळा फसतोय, पाहुणं," असं म्हणून ते माझा हात धरायचे आणि टायरवरून आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर फिरवायचे. एकीकडून गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं करवतीसारखं लागलं, तर चाक सरळ न पळता तिरकं फरफटतंय असं समजायचं. मला दोन्हीकडून फक्त धूळ लागायची. आमच्या पार्किंगमध्ये ते लोकांच्या गाड्यांमागे असे बसलेले असायचे, आणि वॉचमननं त्यांना दोनदा हटकलंही होतं. त्यांचा निकाल बहुतेक ठरलेला असे: "न्हाई. ही गाडी माणूस मारणार." माझ्या स्कूटरबद्दल त्यांनी हे सांगितलं त्याला नऊ वर्षं झाली. स्कूटर अजून चालते, पण प्रत्येक गतिरोधकावर मला दाजी आठवतात. एकंदरीत, त्यांनी एखादं वाहन पास केल्याचं आमच्या नातेवाइकांत कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

अशा माणसाच्या भाचीला गाड्यांचं वेड लागावं, हा नियतीचा चावटपणाच. माझी एकुलती एक मुलगी हिंजवडीला नोकरी करते आणि मारुंजीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. लहानपणी दाजींच्या मागे फिरून तिनं सगळे पार्ट पाठ केले. फक्त त्यांची भीती तेवढी घेतली नाही. गेल्या श्रावणात तिनं एक जुनी, लाल, वेगाची गाडी घेतली. दोनच दारं, सगळा जोर मागच्या चाकांना, आणि आधीच्या मालकानं हौसेनं इतकी खाली बसवलेली की आत शिरताना मला उठाबशांची आठवण झाली. चालू केली की आमच्या तावदानांना हुडहुडी भरायची. मुलगी मोठी झाली, स्वतःच्या पगारातून गाडी घेते, तिला बापानं काय म्हणायचं? पण त्या दिवसापासून मी घाबरलेलाच होतो, हे इथं सांगून टाकतो. ती निघाल्याचं कळलं की तिचा 'पोचले' हा एका शब्दाचा निरोप येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

मग मी एक डाव टाकला. दाजींना गाडी बघायला बोलावलं. ते नापास करतील, पोरगी त्यांचं ऐकते, गाडी विकली जाईल, असा माझा हिशेब. दाजी दोन बस बदलून आले. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ते खाली बसले आणि चारी चाकांवरून हात फिरवू लागले. मागच्या डाव्या चाकाशी बराच वेळ लागला. खांद्यापर्यंत हात आत घालून ते कुठंतरी लांब बघत राहिले. मग उठले, रुमालाला हात पुसला आणि म्हणाले, "हाय. बरी हाय. चालू द्या."

मुलीनं त्यांना मिठी मारली, बायकोनं शिरा टाकला, आणि मी मनातून चरफडलो. पण त्या दिवशी जेवताना लक्षात आलं, की माझी भीती गेली होती. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात लग्नाची रिक्षा पास केली नाही, त्यानं ही पास केली. आता कशाला काळजी करायची? पुढचा दीड महिना मी निवांत जेवलो. मुलगी रोज मारुंजी ते हिंजवडी आणि रविवारी आमच्याकडे अशी फिरत होती. दाजींचं मात्र त्या काळात आमच्याकडे येणं कमी झालं. शेताची कामं आहेत, असं ते फोनवर सांगायचे.

दसऱ्याला गाडीची पूजा आमच्याकडेच करायची ठरली. पूजा झाली की मुलगी दोन्ही मैत्रिणींना घेऊन द्रुतगती मार्गानं घाट उतरून खाली खोपोलीपर्यंत जाणार होती. गाडीची पहिली लांबची फेरी. दाजी आणि माझी मेहुणी सकाळीच आले. पार्किंगमध्ये गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून बायकोनं धुतलेल्या फरशीवर मागच्या बाजूला भली मोठी रांगोळी काढली. झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं, सगळं यथासांग झालं. मुलगी आत बसली आणि गाडी हळूच चार-पाच हात मागे आली. लिंबं फुटली. मागची चाकं रांगोळीवरून जाऊन पुढं कोऱ्या फरशीवर थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दाजी टाळ्या वाजवत नव्हते. ते फरशीकडे बघत होते. उजव्या चाकानं रांगोळीचा चांगला रुंद, पांढरा पट्टा उमटवला होता. डाव्या चाकाचा पट्टा जेमतेम दोन बोटांचा होता, तोही आतल्या कडेला. बाकीचं चाक जमिनीला जणू लागतच नव्हतं.

"गाडी बंद कर," दाजी म्हणाले. ते इतक्या हळू बोलले की मुलीनं लगेच बंद केली. दसऱ्याचा नवा पांढरा शर्ट घालून हा माणूस रांगोळीत आडवा झाला आणि फोनचा उजेड पाडत गाडीखाली सरकला. मीही वाकून बघितलं. बाहेरून त्या टायरच्या खाचा नव्यासारख्या खोल दिसत होत्या. आतल्या कडेचं रबर संपलेलं होतं आणि पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. तोच टायर घेऊन पोर दीड महिना त्या रस्त्यांवरून फिरली होती, आणि तासाभरात घाट उतरणार होती. मी तिथंच फरशीवर बसलो.

दाजी त्या तारांवरून बोटं फिरवत होते. मला फरशीवर लाल ठिपके दिसले. म्हटलं, "दाजी, बोटातून रक्त येतंय."

त्यांनी हात उजेडात धरला आणि दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बघितला. तार चांगली आत गेली होती. त्यांना कळलंच नव्हतं.

मेहुणी धावत हळद आणायला गेली. दाजी जिन्याच्या पायरीवर बसले. "साखरेनं बोटं गेली, पाहुणं," ते म्हणाले. "वरीस झालं. चहा गरम हाय का गार, ते ओठाला लागल्यावर कळतंय. त्या दिशी हात घातला, तर समदं गुळगुळीत लागलं. मला वाटलं, खरंच बरी आसंल. घरी गेलो आन् इचार करत बसलो, की सारंच कसं गुळगुळीत लागतंय."

"मग बोलला का नाहीत?" मी जरा जोरातच विचारलं. मला राग आला होता, तो लपवत नाही.

"आमी हाताचंच खाल्लं की जन्मभर. हात गेला म्हणून सांगू कुनाला? रोज म्हणायचो, उद्या फोन करतो."

मुलगी गाडीतून उतरली. तिच्या मैत्रिणी हिंजवडीच्या रस्त्यावर वाट बघत उभ्या होत्या. तिनं त्यांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, किल्ली काढली आणि दाजींच्या शर्टाच्या खिशात टाकली. मग त्यांच्या बोटाला हळद लावत म्हणाली, "दाजी, पण चाक एकाच बाजूनं का गेलं, ते शोधायचं राहिलं. उद्या येताय ना?"

दुसऱ्या दिवशी हार घातलेली ती लाल गाडी टोइंगच्या ट्रकवर बसून दापोडीला शौकतभाईंच्या गॅरेजात गेली, आणि मागून रिक्षातून दाजी, मुलगी आणि आम्ही दोघं. शौकतभाईंनी गाडी मोजणीच्या रॅम्पवर चढवली, चाकांना त्यांचा कल मोजणारी यंत्रं लावली. पडद्यावरचे आकडे हिरवे आले. "दाजी, चाकं थोडी आत कललीत, गाडी खाली बसवल्यामुळं. पण दोन्हीकडं सारखीच. मशीन तर ओके म्हणतंय," ते म्हणाले. दाजींनी आकड्यांकडे बघितलंही नाही. "भाई, रिकामी मोजताय. रस्त्याला ती रिकामी पळती व्हय? माणसं बसवा." कंपनीत म्हणे ते वजन ठेवूनच मोजायचे. मग मला मागच्या चिमुकल्या सीटवर घडी घालून बसवलं आणि बायकोला पुढं. रॅम्प जमिनीपासून पुरुषभर उंच होता. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. "अहो, मोठ्यानं म्हणू नका, लोक बघतायत," बायको म्हणाली. खालून शौकतभाईंचा आवाज आला, "मागचं डावं लाल झालं."

मग त्यांनी खालून पहार घालून त्या चाकाचा दांडा हलवला. त्याच्या टोकाचा रबरी बुश, म्हणजे सांध्यातली गादी, आतून फाटला होता. गाडी उभी असली की चाक सरळ. वजन पडलं, जोर लागला, की तिरकं. यंत्राला ते रिकाम्या गाडीत दिसणार नव्हतं. शौकतभाईंनी कानाला हात लावला आणि दाजींसाठी चहा मागवला. दाजींनी कप उचलायच्या आधी मुलीनं त्याला बोट लावून बघितलं आणि थांबा म्हणून खूण केली.

बुश बदलला, मागचे दोन्ही टायर नवे आले, गाडी मूळ उंचीवर आली. माझी भीती मात्र परत आली ती आलीच, आणि आता ती जाईल असं वाटत नाही. दाजींचं लोकांच्या गाड्यांमागे बसणं थांबलं आहे. वॉचमन मला मधूनमधून विचारतो, "ते पाहुणे येत नाहीत का हल्ली?" त्याला त्यांची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण लांब जायचं असलं की मुलगी आधी चाकणच्या बाजूला त्यांच्या गावी जाते. दोघं गाडीमागे बसतात. दाजी तिचा हात मनगटाशी धरतात, टायरवर ठेवतात, बाहेरून आत आणि आतून बाहेर फिरवतात आणि विचारतात, "काय लागतंय?" ती सांगते. ते डोळे मिटून ऐकतात, पुन्हा फिरवायला लावतात, आणि कितीतरी वेळानं म्हणतात, "जा मग. पोचल्यावर कळव."

तिचा 'पोचले' हा निरोप आता आम्हा दोघांना येतो. दाजींचं बोट फोनवर नीट चालत नाही, म्हणून माझी मेहुणी तो मोठ्यानं वाचून दाखवते. एकाच शब्दाचा असतो, पण ती म्हणते, एकदा वाचून त्यांचं भागत नाही.