भाकरी टाकू का?

आप्पांनी चौथा पेग मागवला, तेव्हा मोटरसायकलची किल्ली ग्लासाशेजारीच होती. दुपारचे पावणेतीन वाजले होते. मी काउंटरवरून किल्लीकडे बघत होतो आणि वेटर संतोष माझ्याकडे.

शिरूरला हायवेलगत आमचं परमिट रूम आहे. म्हणजे दारूचा परवाना असलेलं, बसून खायचं-प्यायचं हॉटेल. मी तिथला मॅनेजर. शेठचं दुसरं हॉटेल दौंडला. तिथल्या स्टाफचं ट्रेनिंगही माझ्याकडेच. त्यासाठी मी नऊ कलमांची यादी टाइप करून काउंटरमागे चिकटवली होती. पंचवीस वर्षांखालच्याला हार्ड ड्रिंक नाही, पिणाऱ्याचं परमिट बघा, ड्राय डेला बाटलीला हात लावू नका. चौथं कलम: जास्त झालेल्याला आणखी देऊ नका.

आप्पा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, पण आज त्यांना जास्त झाली होती. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते, आणि दर वेळी आवाज चढत होता. इथून ते स्वतः गाडी चालवत कवठे येमाईला जाणार होते.

मी संतोषला चार बोटं दाखवली, म्हणजे चौथं कलम. तो गेला आणि म्हणाला, "आप्पा, तुमचा ब्रँड संपला."

"संपला? मंग पुढं बसतो की. हायवेला एकच हाटेल हाय व्हय?"

त्यांनी किल्ली उचलली. मी धावलो. "आप्पा, बसा जरा."

"मॅनेजर, पाजायचंबी न्हाई आन् जाऊबी द्यायचं न्हाई? कोंडून ठेवताय का काय?"

शेजारचं टेबल हसलं. आप्पा आणखी चिडले. मी मागे आलो आणि त्यांच्या मुलाला फोन लावला. जेवणाच्या ऑर्डरींच्या वहीत त्याचा नंबर होता.

"निघालोच. पाऊण तास लागंल. तवर धरून ठेवा त्यास्नी."

पाऊण तास. चिडलेल्या माणसाला पाऊण तास कसं धरायचं, याचं कलम माझ्या यादीत नव्हतं.

"साहेब," संतोष दबक्या आवाजात म्हणाला, "देऊ नका असं लिहिलंय तुम्ही. पण म्हणायचं काय, ते कुठं लिहिलंय? बापाच्या वयाच्या माणसाला तोंडावर न्हाई म्हणू?"

आप्पा टेबलाखाली पायाने दुसरी चप्पल शोधत होते. संतोष ताट घेऊन सरळ त्यांच्यापुढे उभा राहिला.

"आप्पा, भाकरी टाकू का? रस्सा आत्ताच उतरलाय."

आप्पा थांबले.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाकरी सांगितली की पिणं संपलं. ग्लास उचलला जातो, ताट येतं. कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

"टाक," आप्पा खाली बसत म्हणाले. "बाजरीची. आन् गरम पायजे."

"एकेक आणतो. गार कशाला खाता?"

आणि त्याने खरोखर एकेक आणली. पहिलीला दहा मिनिटं. मग कांदा. मग लिंबू, वेगळी फेरी मारून. मी घड्याळ बघत होतो, मग रस्ता, मग रश्श्याच्या वाटीशेजारची किल्ली. दुसरी भाकरी संपली तरी तिसरीचा पत्ता नव्हता. आप्पांची नजर दाराकडे गेली.

"संतोष, दौंडवरनं थापून आणतो का काय रं?"

"दौंडची तुमच्या घशाखाली उतरंल का आप्पा? आलीच."

तिसरी अर्धी झाली, तेव्हा मुलगा आत आला. त्याने किल्ली खिशात टाकली आणि समोर बसला. आप्पांनी ते पाहिलं. घास चावून झाल्यावर म्हणाले, "जेवलास का?"

"न्हाई."

"संतोष, ह्यालाबी टाक एक."

ती भाकरी दोन मिनिटांत आली.

संध्याकाळी दौंडहून शेठचा फोन आला. "गिऱ्हाईक नाराज तर नाही ना?"

"नाही. तीन भाकऱ्या खाऊन, मुलाच्या मागे बसून गेलं."

"मग तिकडच्या वेटरांनाही हेच शिकवा."

पुढच्या ट्रेनिंगला मी संतोषला सोबत नेलं. नवं चौथं कलम वाचून दाखवलं: 'संपलं' म्हणू नका, गिऱ्हाईक गाडी काढून पुढच्या हॉटेलात जातं. भाकरी विचारा.

दौंडच्या एका वेटरने हात वर केला. "आन् भाकरी नको म्हणला तर?"

मी संतोषकडे पाहिलं.

"मंग तुम्ही एक पेग उशिरा विचारलं," तो म्हणाला.

तेही मी लिहून घेतलं.