पेशींना जेवू घालणाऱ्या ताई

केंब्रिजमध्ये विद्वानांना तोटा नाही, पण भर हळदीकुंकवात एचआयव्हीचा विषय काढून बायकांना वाण घ्यायचं विसरायला लावणाऱ्या विदुषी एकच, आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई. गणपतीच्या आरतीतूनही त्या मध्येच उठायच्या. "माझ्या बशीत वाढवलेल्या पेशी उपाशी आहेत गं, वीकेंडला त्यांना कोण जेवू घालणार?" असं म्हणून सायकल हाणत लॅबकडे निघायच्या. शरीरातल्या पेशी रेणूंमार्फत एकमेकींना निरोप धाडतात, हे त्यांनी मला कांदा चिरताना इतक्यांदा सांगितलं की रडू नेमकं कशानं येतंय ते कळेनासं व्हायचं. "एक निरोप म्हणतो, चोर आलाय, दारं लावा. तो गुणाचा. दुसरा मात्र झोपलेल्या पेशींना लढायला उठवतो, आणि या एचआयव्हीच्या चोराला जागं घरच हवं असतं! आपल्याच हाकेनं त्याचं फावतं बघ." मग ताई त्या आगाऊ निरोपावर, नणंदेवर चिडावं तशा चिडायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ लंडनजवळ स्लाऊला एका वेअरहाऊसमध्ये कामाला होता. रविवारी मासे घेऊन यायचा आणि ताईंचं व्याख्यान खाली मान घालून ऐकायचा. मागच्या हिवाळ्यात तो खोकायला लागला, गालफडं बसली. ताई कौतुकानं म्हणाल्या, "जिम लावलीस वाटतं! छान बारीक झालास." तो नुसता हसला आणि कालवण वाढून घेतलं.

पुढच्याच महिन्यात त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. न्यूमोनिया होता, आणि त्यामागे एचआयव्ही. वेळेत गोळ्या सुरू केल्या तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, हे ताई ज्याला त्याला सांगत आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय.

"अरे, मला का नाही सांगितलंस?" ताईंनी विचारलं.

ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "शंका होती गं. टेस्टला जायचा धीर नाही झाला. तू त्याला चोर म्हणायचीस. तो माझ्याच घरात आहे, हे तुला कुठल्या तोंडानं सांगणार? आईला मात्र न्यूमोनियाच सांग." त्याच आठवड्यात तो गेला.

ताईंनी जन्मात काही आडपडदा ठेवून सांगितलं नव्हतं. साताऱ्याला फोन लावला तेव्हा मी शेजारी बसले होते. "न्यूमोनिया झाला होता, आई," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ रडणं ऐकू येत राहिलं. मग म्हातारीनं विचारलं, "तू तर रोगांचंच एवढं शिकलीस ना गं? दर रविवारी तुझ्याच पानाशेजारी जेवायचा. तुला कसं नाही कळलं?"

माझा या बाईंवर फार जीव आहे, म्हणूनच मला त्यांच्याकडे बघवेना.

"नाही कळलं गं, आई," ताई म्हणाल्या, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत फोन कानाशी धरून बसून राहिल्या.