चिचगडच्या वाटेसाठी टायर

"तुमची ठिगळं टिकत नाहीत, मिस्त्री," साहेब जीपमधून उतरता उतरताच म्हणाले. "आठवड्यात तिसऱ्यांदा माझा माणूस वाटेत अडकला. आता सायकल गोंदियाला पाठवतो."

साहेब आरोग्य खात्याचे. त्यांचा माणूस म्हणजे तुळशीराम, गावोगाव देवीची लस टोचणारा. तेव्हा, म्हणजे छप्पन सालाआधी, आमचा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि देवरीत सायकल दुरुस्तीचं दुकान माझं एकट्याचं. चिचगडच्या पुढे एका टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या लहान वस्तीत, देवीचा रोगी सापडला होता. लस ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावी लागे. पंक्चरपायी तुळशीराम उन्हात अडकला की लस तापून वाया जाई.

मी ट्यूब पाण्यात धरली. माझ्या ठिगळांतून एकही बुडबुडा आला नाही. शेजारी मात्र दोन नवी छिद्रं होती. जवळजवळ, साप डसल्यासारखी.

"साहेब, हा काटा नव्हे. काटा एकच छिद्र पाडतो. हवा कमी असली की दगडावर ट्यूब रिमखाली चेंगरते. तेव्हा अशी जोडी पडते."

"म्हणजे चूक तुळशीरामची?"

"रस्ता पाहिल्याशिवाय नाही सांगत. एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. माझी सायकल काढली आणि तुळशीरामच्या मागे निघालो. डांबरी सडक झाली, मुरमाची झाली. काही बिघडलं नाही. मग नाला लागला. पात्रात नुसती रेती. तुळशीराम उतरला आणि वॉल्व्ह ढिला करून हवा सोडू लागला.

"काऊन सोडून राहिला हवा?"

"भरल्या चाकानं गाडी रेतीत धसते, मिस्त्री. नरम केली तं निघते. तुमीच पाहा."

मी ऐकलं नाही. माझी चाकं रुतली, मी ढकलत राहिलो. तो बसल्या बसल्या पार गेला. माणूस बरोबर होता. वीस वर्षं सायकली उघडल्या, पण हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे मात्र दगडांचा चढ होता आणि तो तसाच नरम चाकावर निघाला.

"अरे, आता भरत काऊन नाही?"

"कायनं भरू? पंप हापिसच्या कपाटात हाये. सरकारी सामान. बाहीर नेऊ देत नाही."

परतल्यावर मी साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कारकुनाला हाक मारून पंप मागवला आणि ते माझ्याकडे वळले. "अजून काय पाहिजे?"

"टायर बदला. हे शहराचं टायर आहे, पातळ."

गोंदियाहून बसने जड टायर मागवलं. वर जाड रबर, आत कापडाचे भरपूर थर. बोरीच्या काट्यांसाठी आतून जुन्या ट्यूबची पट्टी अंथरली. हवा मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? अंगठाच आमचं यंत्र. तुळशीरामला बजावलं, "मागच्या चाकावर वजन जास्त. ते अंगठ्यानं दबलं नाही पाहिजे. पुढचं जरासं दबू दे. रेतीत दोन्ही नरम कर. रेती संपली की तिथंच भरायचं, घाई असली तरी."

चौथ्या दिवशी तो दुकानापुढे उतरला. धुळीनं माखलेला, पण हसत.

"टोल्यावर सगळ्यायले टोचलं, मिस्त्री. टायरात दोन काटे घुसले होते. ट्यूबले नाही लागले."

रोग त्या टोल्याबाहेर गेला नाही. ते काम लसीचं आणि तुळशीरामचं. पण लस थंड पोचली, ती माझ्या चाकांवरून. हे मी कुणालाही मान ताठ ठेवून सांगतो.

महिन्याभराने साहेबांनी बाकीच्या चार सायकली पाठवल्या. निरोप होता, "सगळ्या तुळशीरामसारख्या करा." मी केल्या नाहीत. आधी चौघांना बोलावून त्यांच्या वाटा विचारल्या. एकाचा सगळा रस्ता डांबरी निघाला. त्याला हलकंच टायर ठेवलं.

चांगलं टायर कोणतं, असं गिऱ्हाईक आजही विचारतं. जाता कुठून, हे सांगितल्याशिवाय मी टायर दाखवत नाही. काही जण रागावून निघून जातात. जाऊ देतो.